नव्या ब्रेकवर जुना पाय

सगळे त्याला कप्तान म्हणत. तो कधी बोटीवर चढला नव्हता, की फौजेच्या दारातही उभा राहिला नव्हता. त्याच्याकडे होती एक जुनी पिकअप. चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेली, पुढून बैलाच्या कपाळासारखी, त्याच्या लग्नाहून वयाने मोठी. तीत जो कोणी बसेल त्याला तो हुकूम सोडायचा. धरा. वाका. पाय वर घ्या. हुकूम न पाळणाऱ्याच्या कपाळावर टेंगूळ यायचं, म्हणून सगळे पाळायचे. नाव त्यावरून पडलं, आणि कप्तानाला ते इतकं आवडलं की खऱ्या नावाने हाक मारणाऱ्याला तो ओ देईनासा झाला.

घरचा धंदा रोपवाटिकेचा. टेकडीच्या अंगावर पायऱ्यापायऱ्यांनी वाफे, वर पत्र्याची शेड, शेडला लागून घर. कलमं बांधायची बायको, आणि तिने बांधलेलं कलम सहसा मरत नसे. गिऱ्हाइकं, फोन, खत, माती सगळं सून बघायची. मुलगा परगावी नोकरीला. राहता राहिला कप्तान. त्याने लावलेलं रोप जगायला नाखूश असायचं. गिऱ्हाइकाला सावलीतलं झाड उन्हासाठी आणि उन्हातलं दिवाणखान्यासाठी देण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तरीही घरात त्याचा शब्द चालायचा, कारण टेकडीवरचं प्रत्येक झाड शेवटी खाली न्यावं लागायचं, आणि खाली न्यायला ती पिकअप लागायची, आणि ती पिकअप फक्त कप्तानालाच चालवता यायची.

चालवणं हा शब्दही तसा उदारपणेच वापरायचा. स्टिअरिंग चांगलं वीतभर फिरवेपर्यंत गाडीला त्याची खबर नसायची. खबर लागली की ती एकदम वळायची, उशिरा जाग आलेल्या माणसासारखी. त्यामुळे वळण दिसायच्या आधीच वळायला लागायचं. विजेचा खांब आला की हात फिरवायचा, मग वळण यायचं. ब्रेकचं आणखी वेगळं. पहिल्यांदा दाबला की पाय नुसता खाली जाऊन यायचा. दुसऱ्यांदा दाबला की काहीतरी पायाला लागल्यासारखं वाटायचं. तिसऱ्यांदा सीटवरून बूड उचलून, सगळा देह त्या एका पायावर तोलून उभं राहायचं, तेव्हा कुठे गाडी विचारात पडायची. शेजारी बसलेली बायको तोवर दोन्ही पाय समोर रोवून, पिशवी पोटाशी धरून, मान आत ओढून तयार असायची. त्या दोघांना एकत्र उतरताना पाहणाऱ्याला वाटावं, दोघं मिळूनच गाडी थांबवताहेत.

मग एके दुपारी ब्रेकने तिन्ही वेळा हात टेकले. नशीब एवढंच की गाडी रोपवाटिकेच्या आतच होती. ती गुलाबाच्या वाफ्यातून सावकाश, कुठलीही घाई नसल्यासारखी गेली, पाण्याच्या पिंपाला बगल दिली आणि शेणखताच्या ढिगात नाक खुपसून थांबली. कप्तान खाली उतरला आणि म्हणाला की वेळीच वळवली म्हणून पिंप वाचलं. बायकोने गुलाबांकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं, नवऱ्याकडे काही पाहिलं नाही. हात धुऊन आली आणि तिने सांगितलं की एकतर या गाडीचे ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही नवीन होतील, नाहीतर ही गाडी जो पहिला मागेल त्याला जाईल.

ब्रेक बदलणं ठीक होतं. कप्तानाला खटकलं ते स्टिअरिंग.

टेकडीच्या पायथ्याशी त्याच्या मेव्हण्याचं गॅरेज होतं. हा बायकोचा धाकटा भाऊ, बोलायला मंद, हाताला चपळ, आणि बहिणीच्या शब्दाबाहेर न जाणारा. गाडी ओढून त्याच्याकडे नेली. त्याने चाकं उतरवली, चारही ड्रम काढले आणि आत बघितलं. मग म्हणाला की पुढच्या चाकांना आता डिस्क बसवू, मागे ड्रमच पण नवे, ब्रेकच्या नळ्या दोन वेगळ्या करू म्हणजे एक फुटली तरी दुसरी जागी राहील, आणि इंजिनाच्या ओढीवर चालणारा एक बूस्टर लावू, तो पायाला हातभार लावेल. स्टिअरिंगची पेटी पूर्ण बदलायची आणि इंजिनावर पट्ट्याने फिरणारा पंप टाकायचा. मग हे स्टिअरिंग कोणीही एका हाताने फिरवेल.

'कोणीही' हा शब्द कप्तानाच्या काळजात रुतला. सुनेला लायसन्स होतं. माहेरी असताना ती छोटी मोटार चालवायची. पिकअपवर तिनेही एकदा हात घालून पाहिला होता, आणि उतरल्यावर म्हणाली होती की बाबा, ही गाडी नाही, ही कुस्ती आहे. ते वाक्य कप्तानाने तेव्हापासून जपून ठेवलं होतं. घरातलं त्याचं सगळं वजन त्या वीतभर ढिल्या स्टिअरिंगवर उभं होतं, आणि हा मेव्हणा ते कोणालाही वाटायला निघाला होता.

म्हणून बायको घरी गेल्यावर तो पुन्हा गॅरेजात आला. मेव्हण्याच्या हाताची तारीफ केली, त्याच्या पान्यांच्या मांडणीची तारीफ केली, मग हळूच मुद्द्यावर आला. ब्रेक कर, झकास कर. स्टिअरिंगमध्ये मात्र थोडी ढिलाई राहू दे. अगदी नव्यासारखं नको. गाडीचा स्वभाव बदलतो.

मेव्हण्याने हात पुसले. "भाऊजी, भाजीत मीठ कमी ठेवता येतं. स्टिअरिंगमध्ये ढिलाई ठेवता येत नाही. ठेवली तर ताई मला ठेवणार नाही."

कप्तानाने विषय तिथेच सोडला, कारण ती ताई त्याची बायको होती.

काम बरेच दिवस चाललं. कप्तान रोज जायचा आणि स्टुलावर बसून देखरेख करायचा, म्हणजे मेव्हण्याला जो पाना हवा असेल त्याच्यावरच पाय ठेवून बसायचा. शेवटी सगळं जागेवर बसलं आणि नळ्यांतली हवा काढायची वेळ आली. त्याला दोन माणसं लागतात. एक जण चाकापाशी बसून नळीच्या टोकाची छोटी बोंडी उघडतो, दुसरा आत बसून ब्रेक दाबून धरतो. तेलाबरोबर हवेचे बुडबुडे निघतात. बोंडी बंद होईपर्यंत वरच्याने पाय उचलायचा नाही. उचलला की बाहेरची हवा आत. कप्तान म्हणाला की ब्रेक दाबणं हे तर आपलं जन्माचं काम, आणि आत चढून बसला.

मेव्हणा खालून म्हणाला, दाबा आणि धरा. कप्तानाने दाबला. पण त्याच्या पायाला 'धरा' हा शब्दच ठाऊक नव्हता. इतकी वर्षं त्या पायाने दाबलं होतं आणि सोडलं होतं, पुन्हा दाबलं होतं आणि पुन्हा सोडलं होतं. तो पाय आपोआप वर आला, खाली गेला, वर आला. बोंडीतून जेवढी हवा निघाली तेवढीच आनंदाने परत आत शिरली. मेव्हण्याने पुन्हा समजावलं. कप्तानाने पुन्हा मान डोलावली. पाय पुन्हा आपल्या मनाचा. तेलाचा डबा अर्धा रिकामा झाला तरी बुडबुडे काही संपेनात. शेवटी मेव्हणा उठला आणि त्याने फोन करून ताईला बोलावलं. ती आली, पदर खोचून आत बसली, भाऊ म्हणेल तेव्हा दाबलं, म्हणेल तोवर धरलं, आणि चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात चारही चाकांची हवा काढून मोकळी झाली. कप्तान बाहेर उभा राहून म्हणाला की हे काम बाईमाणसाच्या हलक्या पायाचंच आहे. बायको म्हणाली, तसं असेल.

दुसऱ्या दिवशी गाडी बाहेर काढली. कप्तान चालवायला, शेजारी बायको, आणि मागच्या हौद्यात मेव्हणा उभा. आपल्या कामावर त्याचा एवढा विश्वास होता की त्याने कशालाही धरलं नव्हतं. रोपांचे रिकामे ट्रेही मागेच होते.

गाडी गॅरेजच्या फाटकातून निघाली तोवर सगळं सुरळीत होतं. मग विजेचा खांब आला, आणि कप्तानाच्या हातांनी वर्षानुवर्षं केलं तेच केलं. वळणाला अजून अवकाश होता. पण या वेळी गाडी जागी होती. सांगितल्याबरोबर वळली, अगदी आज्ञाधारकपणे, समोरच्या कुंपणाकडे. कुंपण दिसताच पायाने आपलं काम सुरू केलं. पण पहिल्या दाबालाच गाडी खिळल्यासारखी उभी राहिली, आणि पुढचे दोन दाब, त्यांतला एक बूड उचलून, कोणीच मागितले नव्हते. बायकोने सवयीने पाय रोवले होते म्हणून ती वाचली. मेव्हणा मात्र हौद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला, म्हणजे पाय चालत होते पण त्याच्या मर्जीने नव्हते, आणि ट्रेंच्या थप्पीत बसला. वरचा ट्रे टोपीसारखा त्याच्या डोक्यावर.

कप्तानाने मान वळवून मागे पाहिलं. मग कप्तान म्हणाला की ब्रेक जरा जास्तच लागताहेत. डोक्यावरचा ट्रे न काढताच मेव्हणा म्हणाला, "ब्रेक बरोबर आहेत, भाऊजी. तुम्ही जास्त लागताय."

परतताना कप्तानाला सगळा प्रकार पुरता उमगला. ज्या गाडीला तो सोडून कोणी हात लावू शकत नव्हतं, ती आता त्याला सोडून कोणीही चालवू शकणार होतं. हात वळणाआधी वळायचे, पाय उगाच नाचायचा. जे कोणाला येत नव्हतं ते त्याने शिकून ठेवलं होतं, आणि आता नेमकं तेच आड येत होतं.

त्याने त्याच संध्याकाळी गुडघा दुखत असल्याचं जाहीर केलं.

सुनेने दुसऱ्या दिवसापासून पिकअप हातात घेतली. गाडी टेकडीवरून अशी उतरायची जशी कोणी जिन्यावरून बोलत बोलत उतरावं. एक कुंडी फुटली नाही, एक फांदी मोडली नाही. गिऱ्हाइकं कौतुक करायला लागली, आणि कौतुक करताना कप्तानाला सांगायची की सून हुशार आहे हो तुमची. कप्तान शेडमध्ये खुर्ची टाकून बसायचा आणि काहीतरी करायचं म्हणून निवडुंगांना पाणी घालायचा. निवडुंग सडायला लागले. जेवताना मीठ कुठे आहे, असं त्याने विचारलं तर ते समोरच आहे असं उत्तर यायचं. पूर्वी असं विचारलं की कोणीतरी उठायचं.

त्याला बसायची जागा नको होती. त्याला ती एकच जागा हवी होती, स्टिअरिंगच्या मागची.

म्हणून त्याने मेव्हण्याचे पाय धरले, अर्थात बोलण्यात. सकाळी सून कामाला लागायच्या आधी मेव्हणा टेकडीवर यायचा, नवे ब्रेक अजून नीट बसायचे आहेत म्हणून सांगायचा आणि गाडी घेऊन जायचा. ताईच्या शब्दाबाहेर न जाणारा हा माणूस भाऊजींसाठी खोटं बोलत होता, आणि बोलताना त्याचे कान लाल व्हायचे. इकडे कप्तान डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून काठी घेऊन निघायचा आणि पायथ्याच्या गॅरेजपर्यंत, चढउताराचा सगळा रस्ता, तरातरा जायचा. ज्याचा गुडघा दुखतो तो माणूस सकाळी सगळ्यांत लांब चालतो, यात घरात कोणालाच काही वावगं वाटत नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत शिकवणी चालायची. मेव्हण्याने त्याला आधी चपला काढायला लावल्या. ब्रेकला तळपाय लावायचाच नाही, नुसता अंगठा. कागदावरची शाई टिपायची असेल तेवढाच दाब. स्टिअरिंगला एकच हात, दुसरा मांडीवर. वळण आल्यावर वळायचं, आधी नाही. कप्तान वैतागायचा. म्हणायचा की आलेल्या वळणावर कोणीही वळेल, त्यात काय कसब. मेव्हणा म्हणायचा, तेच तर करायचंय, कोणीही करेल तसं. पहिले काही दिवस गाडी त्या मोकळ्या जागेत उचक्या देत फिरली. कप्तानाच्या मांडीवरचा हात सारखा उठून पळायचा आणि मेव्हणा तो धरून परत मांडीवर ठेवायचा, जसं लहान मुलाला परत पाटावर बसवावं. मग हळूहळू उचक्या कमी झाल्या. पायाला कळायला लागलं. कधी कधी तर दोन-दोन फेऱ्या काही न होता पार पडायच्या, आणि तिसऱ्या फेरीला कप्तान खूश होऊन विसरायचा आणि बूड उचलायचा.

एके सकाळी तो गॅरेजवर पोचला तर गाडी फाटकापाशी उभी होती. हौद्यात आंब्याची उंच कलमं दोराने बांधून भरलेली. शेजारच्या सीटवर बायको बसली होती. मेव्हणा दूर नळापाशी उभा राहून, आधीच स्वच्छ असलेले हात धूत होता.

बायको म्हणाली की सून तिच्या आईला घेऊन दवाखान्यात गेली आहे. कलमं खालच्या गावातल्या बागेत आजच पोचायला हवीत, मुळं बांधून झाली आहेत, थांबणार नाहीत. गाडी इथवर भावाने आणून दिली. पुढे तुम्ही चला.

कप्तानाने काठीवर भार दिला आणि गुडघ्याकडे हात नेला.

"कोणता गुडघा, ते आधी ठरवा," बायको म्हणाली. "काल उजवा होता. परवा डावा."

तो काठी टेकून तसाच उभा राहिला. मग जे इतके दिवस तोंडात घोळत होतं ते बाहेर पडलं. "आता कोणीही चालवतं ही गाडी. मग माझं काम काय उरलं?"

"तुम्ही चालवत नव्हतात कधी," ती म्हणाली. "तुम्ही तिच्या विनवण्या करत होतात, आणि मी तुमच्या शेजारी बसून देवाच्या. चला, कलमं सुकताहेत."

तो चढला. चपला काढल्या. बायकोने चपलांकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही, म्हणजे भावाने सगळं ओकलेलं होतं. गाडी निघाली. खांब आला. कप्तानाचे हात शिवशिवले. त्याने एक मांडीखाली दाबून धरला आणि खांब जाऊ दिला. वळण आलं तेव्हा तो वळला. गाडीही वळली. एवढंच. पुढचं वळण, त्याच्या पुढचं. उतार सुरू झाला, अंगठा हलकेच टेकला, गाडी मंद झाली, कलमांची पानं सळसळली देखील नाहीत. बायको बोलत होती. सुनेच्या आईच्या तब्येतीचं काय, मुलगा फोनवर काय म्हणाला, शेडवर नवीन पत्रा घालायचा की जुनाच ठोकून बसवायचा. ती बोलत होती आणि तो ऐकत नव्हता, कारण त्याला अंगठ्याकडे लक्ष द्यायचं होतं. घाम मात्र कपाळावरून थेट डोळ्यात.

बागेच्या फाटकाशी त्याने गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. बायको अजून पत्र्यावरच होती. ठोकून बसवलेल्या पत्र्याला पुन्हा गळती लागते, मागच्या खेपेला तेच झालं, तेव्हाच म्हटलं होतं, असं बरंच पुढे गेल्यावर तिला समोरचं फाटक दिसलं.

"थांबलो का आपण?"

"केव्हाच," कप्तान म्हणाला. आयुष्यात इतक्या हळू आवाजात तो कधी काही बोलला नव्हता.

कलमं उतरवून झाली. हौदा रिकामा झाला. परत निघायचं तर बायको फाटकापाशी उभी, चढेना. मग तिने सांगितलं, आणि सांगताना ती नवऱ्याकडे नाही तर गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघत होती, की लग्न होऊन आली तेव्हापासून तिला ही गाडी एकदा चालवून बघायची होती. तेव्हा स्टिअरिंग तिला आवरलं नसतं म्हणून बोलली नाही. नंतर तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही. आणि ब्रेकबरोबर स्टिअरिंगही बदलायला सांगितलं ते काही सुनेसाठी नव्हतं.

कप्तान काही वेळ किल्ली मुठीत धरून उभा राहिला. ही जागा परत मिळवायला त्याने काठी घेतली होती, खोटं लंगडला होता, मेव्हण्याकडून लहान मुलासारखे हात धरून घेतले होते. जागा मिळाली होती. नुकतीच. अजून सीट गरमही होती.

त्याने किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि दुसऱ्या बाजूने चढून बसला.

बागेच्या आवारात जागा ऐसपैस होती. त्याने तिला सगळं नीट समजावलं. अंगठा, कागदावरची शाई, मांडीवरचा हात, आलं की वळायचं. तिने ते एकदाच ऐकलं. दोन फेऱ्या आवारात मारल्या, तिसऱ्या फेरीत क्लच सोडताना गाडी एकदा बंद पडली, आणि मग ती फाटकातून बाहेर पडून चढाच्या रस्त्याला लागली सुद्धा, मंद गतीने, पदर खोचून, जीभ किंचित दातांत धरून. कप्तान म्हणाला, वळ आता. ती म्हणाली, रस्ता मलाही दिसतोय.

मग करायला काहीच उरलं नाही. स्टिअरिंग तिच्याकडे, ब्रेक तिच्याकडे, हुकूम कोणी मागत नव्हतं. त्याने खिडकीची काच खाली केली आणि बाहेर पाहिलं. रस्त्याच्या कडेने झाडं सरत होती, त्यांच्या खाली दरीसारखा खोलगट भाग, आणि त्या खोलगटात काहीतरी लांबच लांब चमकत होतं.

"अगं, इथे नदी आहे," तो म्हणाला. "कधीपासून?"

"माझं लग्न झालं तेव्हापासून तरी आहे," बायको म्हणाली, आणि वळण आल्यावर वळली.